फांदीवरचे पंच

नाव: गुरुप्रसाद नारायण मुळ्ये, वय ५२ वर्षे, व्यवसाय: वार्ताहर व फावल्या वेळी संस्कृतच्या शिकवण्या, राहणार रत्नागिरी.

समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, टेनिसपटू शार्दूल बेहेरे, वय २४, यास तो राज्याचा ज्युनियर विजेता झाला तेव्हापासून मी ओळखतो. त्याचा बॅकहँड ही दैवी देणगी असून जीभ स्वकष्टार्जित आहे. पंचांना शिवीगाळ केल्यावरून राज्य संघटनेने त्याच्यावर बंदी घातली. ती या महिन्यात उठते. मात्र परत खेळायचे तर पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. गुन्हा नोंदला गेल्यास खेळ संपला, हे तो जाणतो.

काल रविवारी पाली येथे गावच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता; ही स्पर्धा संघटनेच्या कक्षेबाहेरची असल्याने शार्दूलला तीत खेळता येते. पंचाची उंच खुर्ची गतवर्षी शार्दूलनेच लाथेने मोडलेली. संयोजक महिपत शिर्के यांनी नवी आणली नाही. सबब पंच आप्पा जोगळेकर, वय ७१, निवृत्त शिक्षक, यांना शिडी लावून कोर्टालगतच्या आंब्याच्या फांदीवर बसवण्यात आले.

ऐन मोक्याला आप्पांनी शार्दूलचा चेंडू आउट दिला. स्वतःच्या डोळ्यांचे प्रत्यक्ष प्रमाण श्रेष्ठ की जाणत्याच्या शब्दाचे आप्तवाक्य, असा वाद झाला. पैकी आप्तवाक्य झाडावर होते. शार्दूलने शिडी काढून घेतली व म्हणाला, "चेंडू आत होता म्हणा, मग उतरा."

आप्पा म्हणाले, "मेल्या, दुसरीत तुला पाढे मी शिकवले. शिडीसाठी निर्णय फिरवीन होय?"

मी शार्दूलला म्हटले, "अरे, दाखल्याचं काय?" त्याने मुकाट्याने शिडी परत लावली. तेवढ्या वेळात आप्पांचा विडाही चघळून झाला नव्हता. परंतु आता आप्पाच उतरेनात. "आधी माफी माग!"

"चेंडू आत होता."

याच वेळी महिपतरावांनी पोलिसांना फोन केला. शार्दूलसमोर त्यांचा पुतण्या खेळत होता, एवढेच नमूद करतो.

पुढे फांदीवरच्या तांबड्या मुंग्यांनी आप्पांच्या धोतरात प्रवेश केला. आप्पा सर्वांगाने हलले, मताने हलले नाहीत. त्यांच्या पायाला शिडीची पायरी सापडेना. तेव्हा शार्दूल वर चढला व त्यांना खांद्यावर घेऊन उतरू लागला. आप्पा त्याच्या कानात ओरडत होते, "आउटच होता!"

शार्दूल म्हणाला, "होता तर होता. धोतर धरा."

त्याने पंचाचे ऐकल्याचे मी प्रथमच पाहिले. बातमीत घातलेले नाही. कोणी खरे मानणार नाही.

हा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. फक्त "शार्दूलने पंचांना झाडावर डांबून ठेवले" हे वाक्य महिपतरावांच्या तक्रारीतले इथे आले आहे, ते खोडावे. आप्पा स्वतःच्या हट्टाने वर राहिले व शार्दूलच्या खांद्यावरून खाली आले. ते बाहेर बाकावर मलम लावून बसले आहेत. त्यांचाही जबाब हाच आहे; चेंडू चार बोटे बाहेर होता, एवढेच त्यांना जास्तीचे सांगायचे आहे.