साखरेची आण

धुळाप्पा : ...म्हंजे नातवाची साखर बंद झाली की तुझ्या पदरात काय काय पडतंय, ते तरी कळू दे. सूनबाईच्या आईची, तुळजापूरच्या ईनबाईची साखरेची गाठी बंद, ही झाली पहिली कमाई.

सिताबाई : मला कशाला काय मिळाय पायजे? पोराची दाढ किडलीय. दाताची डॉक्टरीण म्हणली साखर बंद करा, म्या केली.

धुळाप्पा : डॉक्टरीण संक्रांतीलाबी हेच म्हणली हुती. तवा तूच त्याच्या खिशात रेवड्या कोंबत हुतीस.

सिताबाई : तवा मला अक्कल न्हवती.

धुळाप्पा : आन उद्यावर पाडवा आला, तशी आली व्हय? दरसाली ईनबाई गुडघ्याला लागंल एवढी साखरेची गाठी आणती. समर्थ ती गळ्यात घालून दिवसभर तिच्या मांडीवर. आपली गाठी गुढीवर मुंग्या खात्यात.

सिताबाई : तिच्या गाठीला गुलाबी रंग असतुया. पोरगं रंगाला भुलतंय, मांडीला न्हाय.

धुळाप्पा : म्हणून बिरोबाची आण घातलीस सगळ्यांना? 'जो कुणी समर्थला साखर दील, त्याला बिरोबा बघून घील!' फोनवर ईनबाईलाबी सोडलं न्हाईस. मेंढरांना लस टोचावी तसं एका दमात सगळं घर उरकलंस.

सिताबाई : सूनबाई आली. गप बसा.

प्रतीक्षा : आत्या, आईशी बोलले. गाठी आणणार नाही म्हणाली.

सिताबाई : एवढंच? वाईट न्हाय वाटलं तिला?

प्रतीक्षा : उलट म्हणाली, बरं झालं, कुणीतरी बोललं. आणि आत्या... ती सकाळची बशीपण बंद करू या.

सिताबाई : कुठली बशी?

प्रतीक्षा : तुमच्या चहाची. समर्थ डोळे चोळत तुमच्या वाकळंत शिरतो ना, बशीतला चहा प्यायला.

सिताबाई : अगं, फुंकर मारून दोन घोट देते. त्यात कसली आलीय साखर!

प्रतीक्षा : तुमचा चहा मीच करते, आत्या. चमचा उभा राहतो त्यात.

धुळाप्पा : आण हिनंच घातलीय, सूनबाई. बिरोबा बशी कसा सोडंल?

सिताबाई : तुमी हसू नका. दिवसभरात तेवढंच तर येतंय पोरगं माझ्याकडं.

प्रतीक्षा : तो तुमच्यासाठी येतो, चहासाठी नाही.

सिताबाई : व्हय? बघू की उद्या.

(दुसरा दिवस, पाडव्याची दुपार. तुळजापूरहून आलेल्या विहीणबाई सारजाबाई बाहेर अंगणात बसल्या आहेत. सिताबाई आणि धुळाप्पा आतल्या दाराशी.)

सिताबाई : बघा, बघा. बसला का न्हाय मांडीवर?

धुळाप्पा : बसला. गळ्यात गाठीबी हाय.

सिताबाई : गाठी? आण मोडली तिनं! सोडा मला, जाऊन इचारतेच...

धुळाप्पा : काय इचारती? साखर न्हाय ती. भुईमुगाच्या शेंगा हायत. रातभर भिजवल्या आन दोऱ्यात ओवल्या.

सिताबाई : शेंगांची गाठी?

धुळाप्पा : देवळाच्या वाटंवर कवड्यांच्या माळा ओवून विकती ती बाई. तिच्या सुईला शेंगा काय जड हायत?

सिताबाई : म्हंजे तिचं काईच गेलं न्हाय.

धुळाप्पा : न्हाय. समर्थची दाढ सुधरंल. सूनबाईचा शब्द राहिला. ईनबाईची मांडी भरलेली हाय.

सिताबाई : सकाळी वाकळ उचलून धरली हुती म्या. हात अवघडला पार. आला, बशीत डोकावला, रिकामी बघितली आन कोकराकडं पळाला.

धुळाप्पा : मग बिरोबानं बरोबर वसूल केलं की. जिनं आण घातली, तिच्याकडनंच.

सिताबाई : बोला, बोला. तुमचाबी दिवस हाय आज.

प्रतीक्षा : आत्या, इथं आहात होय? हात पुढं करा. समर्थनं पाठवलंय, 'माझ्या आजीला दे' म्हणून.

सिताबाई : दाणे? ते बी सोललेले? तिनंच सोलून धाडले असतील, मोठेपणा दाखवाय.

प्रतीक्षा : आईला त्यानं हात लावू दिला नाही. स्वतः दातांनी फोडल्या शेंगा. म्हणतो, 'आजीला दात कुठं आहेत?'

सिताबाई : अगं बया! कुठल्या बाजूनं फोडल्या? डाव्या अंगाची दाढ दुखतीय ना त्याची!

प्रतीक्षा : उजव्या बाजूनं. मी बघत होते. खा आता.

सिताबाई : न्हाय. झाकून ठिव. सकाळच्याला बशीत घालते.

धुळाप्पा : अगं, पण शेंगा तर ईनबाईच्या हायत.

सिताबाई : असू द्यात. बशी माझी हाय.