गाभाऱ्यातलं पाणी

बहात्तरच्या दुष्काळातली गंमत सांगतो. तेव्हा मी राहात्याहून एका साप्ताहिकाला बातम्या धाडायचो. शेजारच्या गावानं पावसासाठी घरटी एक हंडा पाणी गाभाऱ्यात ओतलं, पिंड बुडवली आणि महादेव कोंडला. मी तेवढंच लिहून पाठवलं. आमचे संपादक भाविक. त्यांनी मथळा ठोकला, ‘महादेवाची कृपा, गावात पाणीच पाणी!’

तिसऱ्या दिवशी तहसील कचेरीनं गावाचा टँकर बंद केला.

मी तोंड पाडून देवळात गेलो. गुरव गाभाऱ्यातलं पाणी परत हंड्यात भरत होता. म्हटलं, “काका, पुढच्या अंकात खुलासा छापतो.”

“छापा की,” तो म्हणाला. “सायबाची तुमच्या पेपरावर लई श्रद्धा हाय. आमची देवावरबी एवढी न्हाई.”