हौदातली ओटी

माझं माहेर मुरुमकडचं आणि सासर लोहाऱ्याजवळचं, दोन्हीकडं पाणी बघायचं तर विहिरीत वाकून बघायचं, समुद्र कुणी बघितलाय? आमचे मालक, म्हणजे नवरा, रंगकाम करायचे, त्यांना मुंबईच्या अंगाला समुद्राकाठच्या मोठ्या बागेत काम लागलं. आकाशपाळणे, झुलती नाव, उंचावरनं सुटणारी गाडी, सगळं लोखंडाचं, आणि काय सांगू तुमाला, खारा वारा लोखंड खातो, इकडनं रंगवत जावं तर तिकडनं गंज फुटतोय, म्हणून रंगाऱ्याला बारा महिने काम. मग मला बी तिथंच चिकटवलं. लाटांच्या हौदापाशी उभं राहायचं. भोंगा वाजला की मशीननं लाट उठायची, बाया-पोरं किंचाळायची. खरा समुद्र भिंतीपलीकडं, चिखल आणि खडक, तिकडं कुणी बघत बी न्हवतं.

साडीवर पाण्यात उतरायचं न्हाय असा नियम, पायात गुंतून बाई पडते, म्हणून बायांना अडवायचं, भाड्याचे कपडे घ्या म्हणायचं. आणि अडवणारी मी पॅन्ट-शर्टात, डोक्याला टोपी, पदर न्हाय. पहिल्या दिवशी मी खोलीतनं बाहेरच यीना. मालक म्हणाले, अगं इथं तुला कोण वळखतंय. गावाकडं सांगितलं, बागेत कामाला हाय. गावाला वाटलं, झाडांना पाणी घालते. वाटू दिलं.

आत्या, म्हणजे माझी सासू, तिच्या माहेरच्या भजनातल्या बायांबरोबर गाडी करून देवदर्शनाला आली. गाडीवाल्यानं समुद्र दाखवतो म्हणून त्यांना आमच्याच बागेत आणलं. मला काय पत्ता? भोंगा वाजला आणि बघते तर आत्या, नऊवारी नेसलेली, पायऱ्या उतरून हौदात घोट्याएवढ्या पाण्यात उभी. आमच्याकडं मोठं पाणी बघितलं की बाई त्याची ओटी भरती, रिकाम्या हातानं माघारी फिरत न्हाय. हितं पायऱ्या हायत, लाटा हायत, मग त्यांच्या लेखी ह्योच समुद्र. तिनं हळद-कुंकू वाहिलं, खण-नारळ सोडला, वर वंजळभर तांदूळ. लाट आली, खण तरंगत पोरांच्या अंगावर गेला. एक पोरगं म्हणालं, आजी, साबण बी टाका की. सगळी हसायला लागली. आमचा साहेब वरच्या कठड्यावरनं ओरडला, मशीनमधी तांदूळ गेले तर काय करू, बाहेर काढा त्या बाईला.

काढायचं काम माझं. मी पुढं झाले, म्हणलं, ओ आजी, साडीवर पाण्यात उतरता येत न्हाय. आजी म्हणाले मी, आत्या न्हाय. तिनं टोपीखाली बघितलं, मग पायापर्यंत बघितलं, आणि म्हणाली, चुकलं मॅडम, आमी खेड्यातली माणसं. माझी दोन्ही बाळंतपणं जिनं केली ती मला मॅडम म्हणाली. मग जाळीनं तिच्या ओटीचे तांदूळ मी तिच्यादेखत उपसले, आणि ती ओल्या काष्ट्यानं काठावर उभी राहून बघत व्हती.

दिवाळीला गावी गेले तवा वाटलं, आता घरात घेती का न्हाय. तिनं ताट वाढलं, पोरांचं विचारलं, त्या दिवसाचं अक्षर काढलं न्हाय. मी बी न्हाय. मला वाटायचं, सून उघड्या डोक्यानं पॅन्ट घालून उभी, त्याची लाज वाटून तिनं वळख दिली न्हाय. ह्येच उरात घेऊन राहिले. पुढं बागेतली गर्दी आटली, लोक दुसरीकडं जायला लागले, रंग देणं बंद झालं, पाळणे गंजून उभेच राहिले आणि फाटकाला कुलूप लागलं. आमी गावी आलो.

आता धाकटी पोरगी पोलीस भरतीसाठी सकाळी पळायला जाती, ट्रॅक पॅन्ट घालून. परवा मी तिला म्हणलं, वरनं ओढणी तरी घे. आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसली व्हती. म्हणाली, पळू दे तिला तशीच, तू न्हवती का उभी फौजदारावाणी. माझं तोंड उतरलं. म्हणलं, आत्या, वळखलं व्हतं व्हय तुमी? म्हणाली, टोपी घातली म्हणून तोंड बदलतंय व्हय गं? म्हणलं, मग बोलला का न्हाय? ती म्हणाली, त्यो माणूस माझ्यावर वरडत व्हता, लोक दात काढत व्हते, तसल्यात मी हिची सासू म्हणून सांगू? तुझी मान खाली गेली असती.

बघा, ती स्वतःलाच लाजली, माझ्यासाठी. आणि मी? मी तिला लाजले, खरं त्येच हाय. पॅन्ट-शर्टाचं नुसतं निमित्त केलं इतकी वर्षं. ही माझी सासू हाय, एवढं म्हणायला तोंडाला काय झालं व्हतं? परवा बी म्हणणार व्हते, चुकलं आत्या, पण उठून भांडी घासायला गेले.

हळू बोला, आत्या आत जागीच हाय. तुमी शिकलात, घरात शिकलेले पहिलेच म्हणता, लई आनंद वाटला. उद्या हापिसात बसाल आणि तुमची आई चपला हातात घेऊन दारात उभी राहील, तवा आधी उठा, चार लोकात मोठ्यांदा आई म्हणा. सुखी राहा.