काळ्या फुलाचं लाल काळीज

अध्यक्षस्थानी विराजमान झालेले माननीय विठ्ठलराव पाटील, त्यांच्या शेजारी बसलेले कापडाचे व्यापारी राधाकिशन शेट, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे जिवलग गहिनीनाथ रंगारी, त्यांच्या सौभाग्यवती केसरबाई, आणि नांदूरघाटच्या या धर्मशाळेत दाटीवाटीनं बसलेल्या तमाम बंधूंनो, मायबहिणींनो, या आश्रुबा सुताराचा सर्वांना नमस्कार.

सुताराला भाषण करायला लावणं म्हणजे रंध्यानं दाढी करणं. पण पाटलांचा हुकूम झाला, "आश्रुबा, तूच बोल. कापडावर छापायचे त्यांचे लाकडी ठसे तूच कोरलेस." मी होकार दिला खरा, आता शब्द वेडेवाकडे पडले तर सांभाळून घ्यावं.

गहिनीनाथ उद्या गाडी जुंपून सोलापूरला निघणार. मोगलाईतून इंग्रजी मुलखात. तिथं त्यांचा सुग्रीव गिरणीत लागला आहे, त्याला आईबाप जवळ हवे आहेत. यात वाईट काय? काहीच नाही. माझ्याच जिवाला ते पटत नाही, एवढंच.

मंडळी, मी सागवानात वेल कोरतो, फुलं कोरतो. पण लाकडातल्या फुलाला काय रूप? आमची कारभारीण म्हणायची, "ह्यो तुमचा ठोकळा चुलीत घातला तरी कुणाला कळायचं न्हाई." खरंच आहे ते. माझं फूल फुलायचं ते गहिनीनाथांच्या कापडावर. आणि गंमत अशी, की ठसा मारताना त्यांनाही रंग दिसत नसे! तुरटीच्या पाण्यानं छापलं तिथं लाल उठणार, गुळात लोखंड आंबवलेल्या पाण्यानं छापलं तिथं काळं. पण केव्हा? आल नावाच्या रंगाच्या झाडाच्या मुळ्यांबरोबर कापड कढईत उकळल्यावर. तोवर सगळा रंग मनातच धरून ठेवायचा. त्याला किती धीर लागत असेल, तुम्हीच सांगा.

एकदा मात्र घोटाळा झाला. वडवणीकडच्या साखराबाई धनगरणीनं लेकीच्या लग्नाचं लुगडं छापायला दिलं होतं. छापलेलं दिसावं म्हणून तुरटीच्या नि लोखंडाच्या दोन्ही मडक्यांत गेरू कालवलेला, त्यामुळं दोन्ही सारखीच दिसायची. गहिनीनाथांनी माझ्याशी गप्पा मारता मारता ठसा भलत्याच मडक्यात बुडवला. कढईतून लुगडं वर आलं ते काळ्या फुलांनी भरलेलं. लग्नाचं लुगडं, आणि काळं! केसरबाईंनी कपाळाला हात लावला. गहिनीनाथांनी एका फुलावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ह्या फुलाला मधी जागा हाय का बे?"

होती, बोराएवढी. मी तिथंच बसून तेवढा गोल ठसा कोरला, त्यांनी तो तुरटीत बुडवून एकेका फुलाच्या पोटात मारला आणि कढई पुन्हा चुलीवर चढली.

साखराबाई आल्या, लुगडं उलगडून बघत राहिल्या. आम्ही दोघं चोरासारखे उभे. "काळं कावून केलंत?" गहिनीनाथांनी सबब सांगितली नाही. "चुकलो, बाई." त्यावर ती माउली म्हणाली, "चुकलात कुठं? आमी नवरा-नवरी घोंगडीवर बसवितो, ती काळीच की. अन् मधी ह्यो कुकवाचा टिळा. लई देखणं झालंय!" त्या सालापासून त्यांच्या वाड्यावरची एकही नवरी त्या फुलाशिवाय बोहल्यावर उभी राहिली नाही.

राग मानू नका शेट, पण मग तुमच्या दुकानात परदेशी रंगाच्या पुड्या आल्या. पाण्यात चिमूट टाकली की लाल! बघायला झकास, आणि पहिल्याच धुण्यात नदी लाल, लुगडं फिकं. पण पडतं स्वस्त. लोकांचा तरी काय दोष? रंग हातोहात मिळायला लागल्यावर वाट कोण बघणार? शेतकऱ्यांनी आल लावणं सोडलं आणि गहिनीनाथांची कढई थंड पडली. शेट मान डोलावताहेत, हा त्यांचा मोठेपणा.

गहिनीनाथ खालून म्हणताहेत, "बस की बे आता." बसतो, बसतो.

मायबापहो, सकाळी माझे पाय अजून त्यांच्या अंगणाकडंच वळतात. नदीच्या वाळूत लुगडी वाळत पडलेली असायची आणि मला पार रस्त्यावरून माझं फूल ओळखू यायचं. तसं लाल मी पुन्हा कुठं पाहिलं नाही. मला ते फार आठवतं. आणि आता तर माणूसच चालला.

आता जे सांगतो, ते घरीही कुणाला ठाऊक नाही. गेल्या पावसाळ्यात मी परळीहून आलाचं बी आणवलं आणि माझ्या ज्वारीच्या पट्टीत पेरलं. रोपं धरली आहेत. गहिनीनाथ, मुळ्यांत रंग भरायला तीन वर्षं लागतात, हे मला तुम्हीच सांगितलंत. तोवर सुग्रीवाकडं सुखानं राहा. नातवंडं खेळवा. पण मुळ्या मी खणीन, त्यांचा रंग करणं मला येत नाही, त्याला तुम्हीच लागाल.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी गलका न करता ऐकलंत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घालावं. निरोप द्यायला म्हणून उभा राहिलो होतो. तेवढा मात्र माझ्याच्यानं देववला नाही.