आतड्याचा निरोप

कापूस बुडाला त्या वर्षी आमच्या बडनेऱ्यात सगळे रोडावले; फुगली फक्त टांगेवाल्या शरीफचाचांची घोडी! सवारी नाही, म्हणून उभ्याउभ्या गूळ खायची. शेवटी खूर इतके दुखले की पाऊल टाकेना. टांगा बंद. मी जनावरांचा डॉक्टर, मला बोलावलं.

"गूळ बंद करा," मी दटावलं. "तोंडातून गोड गेलं का आतडं लगेच निरोप धाडते. मंग इन्सुलिन उसळते अन् खूर आतून सुजते."

"अन् गोड सुईनं शिरेत देलं तं?" चाचांनी विचारलं.

"तं आतड्याले पत्ताच लागत नाही. इन्सुलिन तेवढं वाढत नाही."

चाचांना स्वतःला शुगर. त्यांची जिलेबी बंद करणारी चाची दारातच उभी. चाचांनी हळूच बाही वर सारली.

"डाक्टरसाब, माही जिलेबीबी सुईनंच द्या. दारातल्या आतड्याले पत्ता नाही लागला पाह्यजे!"