पशुपतीच्या वाटेवरचं पाणी

माणिकप्पा : माणशी दोन कांबळी. तीन माणसं, सहा कांबळी. त्यात कमी न्हाय. माघातली थंडी, त्यात नेपाळचा डोंगर.

शिवकांता : सहा कांबळी, तुमची वळकटी, वर भाकरीचं गाठोडं. नळदुर्गच्या पुढं करोडगिरीच्या जकात नाक्यावर शिपाई एकेक सोडून बघंल. मग ते परत बांधायचं कुणी?

माणिकप्पा : बांधू की. निजाम सरकारच्या हद्दीतनं निघायचं तर झडती आलीच. सोलापुरात इंग्रजांचा मुलुख, रक्सौलच्या पुढं नेपाळच्या राजाचा. दर हद्दीला गाठोडी सुटणार. ते धरूनच इंतजाम करायचा. वैनी, तुमी जाऊन आलेल्या, तुमी सांगा हिला.

गिरिजाबाई : कांबळी घे गं शिवकांता. तितं थंडी हाडात शिरती. आन् भाकरी कडक करून भागत न्हाय, उनात वाळीव. मागल्या बारीला पाटण्याच्या अलीकडंच बुरसा आला. शेंगाची चटणी तेवढी टिकली.

शिवकांता : वाळवते अक्का. मुरुमात आता ऊन तरी बरं पडायलंय.

माणिकप्पा : पुढं ऐका. रक्सौलच्या पलीकडं जंगल लागतं. तिथं मुक्काम न्हाय करायचा, कितीबी दमलो तरी. मच्छर चावला की थंडीताप. कोयनेलच्या गोळ्या घेतल्यात, सोलापूरलाच सुरू करायच्या. शिवकांता तोंड वाकडं करंल, पण गिळाव्या लागतील.

शिवकांता : तोंड तुमीच वाकडं करता. परवा एक गोळी चाखून बघितली तर अर्धा तास थुकत हिंडत होता अंगणात.

माणिकप्पा : चाखायची नसती, गिळायची असती, हे मला कुठं माहीत.

गिरिजाबाई : जंगल दिवसाच वलांडलं व्हतं आमी. मग भीमफेडीपातूर मोटार. तितनं पुढं पायी, डोंगर चढून. पाठीवर पाटी बांधलेली माणसं येतेत, त्यात माणसाला बसवून नेतेत. तुज्या भाऊजींना बसवलं, म्या चालत गेले. म्हनलं, दोगं बी बसल्यावर मागं पुढं बगनार कोन.

माणिकप्पा : आपण वैनीला बसवायचं आता.

गिरिजाबाई : म्या चालत जाईन. पाय धड हायेत माजे.

माणिकप्पा : बरं. राहिली सुई. कॉलऱ्याची सुई मी आन् हिनं मागल्या हप्त्यात सोलापुरात टोचून घेतली. दंड अजून ठणकतोय. वैनी, तुमची राहिलीय. सोमवारच्या मोटारीनं जाऊ.

गिरिजाबाई : जाऊ की. सुईला म्या कवा न्हाय म्हनले.

माणिकप्पा : आन् पाणी. डॉक्टरांनी बजावलंय, सुई घेतली म्हणून पाण्यात सूट न्हाय. पितळी स्टोव्ह घेतलाय, राकेल मिळवलंय. स्टेशनवर, धर्मशाळेत, कुठंबी. उकळल्याशिवाय थेंब पोटात न्हाय.

गिरिजाबाई : तुमी दोगं प्या उकळून. माज्यासाठी नगं.

माणिकप्पा : असं कसं वैनी?

गिरिजाबाई : कसं म्हंजे? मागल्या बारीला काय कमी उकळलं? ओल्या लाकडाच्या धुरात बसून बसून डोळं गेले माजे. त्येंच्या तोंडात कच्चा थेंब जाऊ दिला न्हाय. डाळ उकळल्या पान्याची, ताक घेऊ दिलं न्हाय, फळ कापू दिलं न्हाय. लोक हसायचे मला. तरी काय झालं? परतीच्या वाटेवर रातच्याला सुरू झालं आन् दुपारी मानूस गेलं. मग ते उकळून काय केलं म्या?

माणिकप्पा : ते खरं, पण...

गिरिजाबाई : ज्येचं जवा व्हायचं तवा हुतंय. म्या नदीचं पिईन, झऱ्याचं पिईन. मला तितं जायाचंय ते त्येंच्या जाग्यासाठी. तितं सगळी जाळतेत. म्या जाळू दिलं न्हाय. आपल्या लिंगायत रीतीनं बसवून, गळ्यातलं लिंग हातावर ठिवून मातीत दिलं. वर एक धोंडा ठिवला. तेवढा जागा बगायचा, भस्म लावायचं, बेल व्हायचा. मग कायबी हू दे. गाय वरडायलीय, तिला पानी दावून येते.

(गिरिजाबाई परसात जातात. त्या लांब गेल्यावर दोघं आवाज उतरवून बोलतात.)

माणिकप्पा : आता वैनीला कसं न्यायचं? कच्चं पाणी पिऊन वाटेत काही झालं म्हंजे? अण्णा गेला तिथं, आता वैनीबी. घरी येऊन लोकांना तोंड काय दाखवू?

शिवकांता : मला तुमाला एक सांगायचंय. आठ दिवस झाले मनात ठेवलंय.

माणिकप्पा : काय?

शिवकांता : सोलापूरला सुई टोचायला गेलो, तवा तुमी औषधाच्या दुकानात गेला होता. मी डॉक्टरांना भाऊजींचं सांगितलं. म्हणलं, आमच्या जावेनं सगळं उकळून दिलं, तरी माणूस गेलं, मग आमी काय करावं? डॉक्टरांनी सगळं खोदून विचारलं. दात कशानं घासत होते, ताट कशानं धूत होते. मग म्हणले, सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते सांगा. मी सांगितलं. आंघोळ, मग गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म, बेल, आन् ते तीर्थ घ्यायचं. त्याच्याआधी आमच्यात कोणी अन्नाला हात लावत न्हाय.

माणिकप्पा : मग?

शिवकांता : डॉक्टर म्हणले, लिंगावर घालता ते पाणी कुठलं?

माणिकप्पा : कुठलं म्हंजे? नदीचं.

शिवकांता : तेच सांगितलं मी. पूजेचं पाणी कोण उकळतं? नदीचं ताजं, घागर बुडवून आणलेलं, तेच चालतं. पिण्याचं वेगळं, पूजेचं वेगळं. रोज सकाळी पहिला घोट तोच. तितं तर पशुपतीखालच्या बागमती नदीचं पाणी. शिवरात्रीची जत्रा, हजारो माणसं त्यातच उतरलेली.

माणिकप्पा : म्हंजे वैनीनं दिवसभर उकळलं, आन् सकाळी...

शिवकांता : हळू बोला. आन् ते पाणी भरून आणत होत्या अक्काच. पायऱ्या निसरड्या, भाऊजी घसरतील म्हणून त्यांना उतरू देत नव्हत्या. मला त्यांनीच सांगितलंय, किती जपलं ते सांगताना.

माणिकप्पा : हे वैनीला कळता कामा न्हाय.

शिवकांता : मग त्या कच्चंच पाणी पितील.

माणिकप्पा : न्यायचंच न्हाय त्यांना. नेपाळचा परवाना मिळाला न्हाय म्हणू.

शिवकांता : कळंबची मंडळी बी पशुपतीला निघालीत, त्यांच्यासंगं जातील. जागा बघायचा म्हणल्यात, आता त्या घरात बसायच्या न्हाईत.

माणिकप्पा : मग आपणच गुपचूप उकळून ठेवू. पिण्याचं बी, पूजेचं बी.

शिवकांता : पूजेच्या तांब्याला त्या कुणाला हात लावू देतात? मला नवीन नवरी असल्यापासून लावू दिला न्हाय. आन् मला फसवायचं न्हाय त्यांना. दोन साल त्यांना वाटतंय, येवढं करून काय उपेग झाला न्हाय. ते तसंच राहू द्यायचं, का खरं सांगायचं, मला कळंना. सांगितलं तर त्या मोडतील. न सांगितलं तर मरतील. मला भ्या वाटतंय.

माणिकप्पा : एका डॉक्टरनं म्हणलं म्हणून ते खरंच कशावरून? शंभर वाटांनी येतो रोग. धर्मशाळेत माशी बसली असंल.

शिवकांता : असंल. डॉक्टर बी असंच म्हणले, खात्रीनं सांगता येत न्हाय. पण पुढच्या खेपेला ते दार तेवढं बंद करा.

माणिकप्पा : आन् उकळलेलं पाणी लिंगाला चालतं का? स्वामींना इचारायला पायजे. धर्माचा मामला हाय.

शिवकांता : विचारलं. परवा मठात गेले होते. स्वामींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणले, मला हे आजवर कुणी विचारलं न्हाय. मग म्हणले, थंडीत मी स्वतः ऊन पाणी घेतो पूजेला, हात गारठतेत म्हणून. लिंगानं अजून तक्रार केली न्हाय.

माणिकप्पा : स्वामी असं म्हणले?

शिवकांता : असंच. आन् वर म्हणले, पाणी कुठलंबी असू दे, लिंगावर पडलं की तीर्थ.

माणिकप्पा : मग तू सांग वैनीला. माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. मी दुकानात जातो.

शिवकांता : बसा इथंच. तुमचा भाऊ होता तो.

(गिरिजाबाई परसातून परत येतात.)

गिरिजाबाई : काय चाललंय कुजबूज? माजं नाव घेतलं दोनदा, परसात ऐकू आलं. नेनार नसाल तर सरळ सांगा.

शिवकांता : नेणार हाय अक्का. बसा जरा.

गिरिजाबाई : बसले. बोल.

शिवकांता : अक्का, तुमी म्हणता, सगळं उकळलं तरी भाऊजी गेले. सगळं उकळलं न्हवतं.

गिरिजाबाई : काय राहिलं व्हतं? सांग. एक जिन्नस सांग.

शिवकांता : पूजेचं पाणी.

माणिकप्पा : वैनी, डॉक्टर नक्की म्हणत न्हाईत. असंल, नसंल...

गिरिजाबाई : तू गप माणिक. पूजेचं?

शिवकांता : सकाळचं तीर्थ. लिंगावर घालून घ्यायचं ते. ते नदीचं होतं.

गिरिजाबाई : नदीचंच घेतेत पूजेला.

शिवकांता : व्हय. आपण सगळेच घेतो. मी तुमच्या जागी असते तर मीबी तसंच केलं असतं. माझ्याबी ध्यानात आलं न्हाय, डॉक्टरांनी विचारलं तवा आलं.

गिरिजाबाई : म्या भरत व्हते. त्येंना पायऱ्या उतरू देत न्हवते. पडतील म्हनून.

शिवकांता : माहीत हाय अक्का.

गिरिजाबाई : म्या बी तेच घेतलं की. एकाच तांब्यातलं. आदी त्येंच्या हातावर वतायचे, मग माज्या. मला कसं कायबी झालं न्हाय?

शिवकांता : ते डॉक्टरांनाबी सांगता येत न्हाय. एकाला होतं, एकाला न्हाय.

माणिकप्पा : वैनी, तुमी काय मुद्दाम केलं का? अण्णाची जितकी काळजी तुमी घेतली, तितकी कुणी घेतली नसती. मी सख्खा भाऊ, मला जमली नसती.

गिरिजाबाई : म्या दोन वर्सं देवावर राग धरून बसलेय. कुनाला बोलले न्हाय. रोज लिंग हातावर घ्यायचं, बेल व्हायचा, आन् मनात म्हनायचं, येवढ्या लांब तुज्या दारात आनला, जपून आनला, आन् तू माजं मानूस ठिवून घेतलंस. रोज पूजा आन् रोज राग. आता कुनावर धरू?

शिवकांता : माझ्यावर धरा. मी सांगितलं.

गिरिजाबाई : तुज्यावर कशाला. तू सांगितलं न्हाय तर कोन सांगनार व्हतं? ह्यो माणिक तर दुकानात पळाला असता.

माणिकप्पा : निघालोच होतो. हिनं बसवलं.

गिरिजाबाई : लई वाईट वाटतंय शिवकांता. रडू बी येईना. त्यो तांब्या अजून त्येच कोनाड्यात हाय. रोज त्यानंच पूजा करते.

शिवकांता : मी काढून ठेवू का?

गिरिजाबाई : नगं. तांब्याचा काय गुन्हा. घासून देते, संगं घे.

माणिकप्पा : मग वैनी, जायचं का न्हाय, तुमी म्हणाल तसं. मन न्हाय घेत तर पुढच्या साली जाऊ. परवाना काय, शिवरात्रीला दर साली देतेत.

गिरिजाबाई : पुढच्या साली कोन हाय, कोन न्हाय. जायाचं. स्वामींना इचारलं का? लिंगाला उकळलेलं चालतं?

शिवकांता : चालतं म्हणले.

गिरिजाबाई : उकळलेलं लगेच घालता येत न्हाय. निवाया पायजे. म्हंजे आदल्या सांजेलाच उकळून, फडक्यानं बांधून ठिवावं लागंल. आन् त्यो स्टो मला पेटवता येत न्हाय. शिकीव मला, माणिक. भडका उडतो म्हनं त्येचा.

माणिकप्पा : आज सांजच्यालाच शिकवतो. भडका उडत न्हाय, पंप जास्ती मारला तर उडतो.

शिवकांता : राकेल पुरंल का आता? पिण्याचं, स्वयंपाकाचं, वर तिघांच्या पूजेचं.

माणिकप्पा : एक डबा वाढवू. एक कांबळं कमी करू.

गिरिजाबाई : दोन डबे घे. माज्या वाटचं एक कांबळं काढ. मला थंडी वाजत न्हाय.

शिवकांता : अक्का, कांबळं राहू द्या. दुसरा डबा कशाला लागतोय?

गिरिजाबाई : त्येंच्या जाग्यावर तांब्याभर पानी घालायचंय मला. ते बी उकळूनच घालीन.