तांबडा पडलेला फोटो

—तुमच्या भिंतीवर ऊन येतं, त्याला मी काय करू? मी फोटो छापला, सूर्य नाही! अहो रुपालीताई, सतरा वर्षं वडिलांचा फोटो खिडकीसमोर टांगायचा आणि तो तांबडा पडला की इथं सदाशिव पेठेत माझ्या काउंटरवर आणून आपटायचा – वा! काय म्हणाला तो कर्वेनगरचा कंप्युटरवाला? छपाईच खराब आहे? कधी अंधाऱ्या खोलीत उभा राहिलाय का तो, विचारा. मी हातानं रंगीत फोटो छापायचो. एकेका चेहऱ्यासाठी चार-चार तुकडे छापून बघायचो – हिरवा जास्त झाला का, पिवळा कमी पडला का. हा बसल्या जागी माऊस फिरवतो, आणि म्हणे खराब!

धुणं? धुवायचो की. छापलेला फोटो वाहत्या पाण्यात धुवायचा, सगळं केमिकल निघेस्तोवर, हे काय मला शिकवणार? आता तुमचा फोटो छापला त्या उन्हाळ्यात खडकवासला धरणातच पाणी नव्हतं, नळ दिवसाआड यायचा, तेव्हा एका बादलीत वीस-वीस फोटो बुचकळून काढले – सगळेच काढत होते! राहिलं असेल थोडं केमिकल. पण म्हणून फोटो जात नाही. उन्हानं जातो. उन्हानंच हो! आता आमच्या हिचा, सरोजिनीचा फोटो, त्याच आठवड्यातला – कपाटात, साड्यांच्या घडीत, ती गेल्यापासून बाहेरसुद्धा काढला नव्हता – दिवाळीत उघडून बघतो तर...

काय बघताय माझ्याकडे?

ही घ्या तुमची निगेटिव्ह. चारशे बारा नंबर, पाकिटावर वडिलांचं नाव, श्यामसुंदर – बघा, माझंच अक्षर. गिऱ्हाइकाची एक निगेटिव्ह फेकली नाही मी आजवर. मला नाही छापता येणार, कागदच मिळत नाही आता. न्या त्या माऊसवाल्याकडेच. देईल काढून. चांगला देईल, मेला.

तिची? तिची कुठली निगेटिव्ह! घरच्या फोटोला नंबर कोण घालतो? रोज डोळ्यांसमोर होती, वाटलं काढू की पुन्हा कधीही. गिऱ्हाइकांची कामं पडली होती.

नको, राहू दे. पुसायला रुमाल आहे माझ्याकडे. आपलं काम झालंय ना? मग निघा. आणि जाताना ते दार ओढून घ्या – ऊन आत येतंय.